‘काका, तुम्ही अक्षरं वाचली, पुस्तक नाही’: ग्राफिक नॉव्हेल वाचायचं कसं?

बर्डीकर_काका | रविवार, सकाळी १०.२०

मंडळी, कबुलीनेच सुरुवात करतो. परवा पुतणीसमोर माझी चांगलीच फजिती झाली.

ती इंग्रजीत एम.ए. करते आहे. लघुप्रबंधासाठी तिने ‘भीमायन’ घेतलंय. बाबासाहेबांनी स्वतः सोसलेल्या अस्पृश्यतेच्या प्रसंगांवरचं ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रं आणि शब्द मिळून गोष्ट सांगणारं पुस्तक, २०११ साली नवयान प्रकाशनाने काढलेलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड आदिवासी जोडप्याची, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. पुस्तक टेबलावर पडलं होतं. तर्री-पोहे खाता खाता मी ते उचललं आणि चहा येईस्तोवर संपवलंही. (पानाला तर्री लागू दिली नाही, हे नमूद करतो.) वर तिला म्हटलं, "झालं बा वाचून. छान आहे. पण यावर तू प्रबंध काय लिहिणार? अर्ध्या तासाचं तर पुस्तक!"

ती म्हणाली, "काका, तुम्ही अक्षरं वाचली, पुस्तक नाही. सांगा, पाणी नाकारणारा माणूस बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्याचा फुगा कसा आहे?"

आता फुगा म्हणजे फुगा. गोल असणार. तिने पान उघडून पुढ्यात ठेवलं. फुग्याला विंचवाची नांगी होती! मग पुढची पानं उलटली. ज्यांचं बोलणं मायेचं, ज्यांनी सोसलं, त्यांचे फुगे पाखरासारखे. मनातल्या विचाराच्या फुग्यात डोळा. मी आयुष्यभर बँकेत सह्या जुळवल्या, ‘र’चा शेपटा किंचित वळला तरी चेक परत करायचो, आणि या पुस्तकात एवढ्या नांग्या असून मला एकही दिसली नाही.

लहानपणी महालात भाड्याने आणून इंद्रजाल कॉमिक्स वाचलेला माणूस आहे मी. वेताळ, मँड्रेक, बहादूर. म्हणजे चित्रं वाचायची सवय नाही असंही नाही. मग चुकलं कुठे? आणि दुसरं, तिला कॉलेजात कुणीतरी ऐकवलं की "कॉमिक्सवर प्रबंध? उद्या कॅलेंडरवर लिहाल." पोरगी दोन दिवस गप्प होती. यात अभ्यास करण्यासारखं नेमकं काय असतं, ते जाणकारांनी सांगावं. मला तिच्याशी नीट बोलता आलं पाहिजे, एवढाच स्वार्थ.

---

संत्र्याची_फोड | रविवार, सकाळी १०.४१

काका, लय भारी धागा टाकला. पुतणीनं बरोबर पकडलं तुम्हाले 😄 मी पण पहिल्यांदा असंच भराभर पानं उलटवून मोकळा झालतो. आता दुसऱ्यांदा वाचून राहिलो, तं एका पानावर दहा मिन्टं जातात. आणि कॅलेंडरवर काऊन नाई लिहायचं बे? लोकायच्या घरातले देव कॅलेंडरानंच तं ठरवले.

---

कोरा_कागद | रविवार, दुपारी १२.०५

काका, मी चित्रं काढून पोट भरतो, त्यामुळे थोडं लांबेल.

तुमचं चुकलं ते असं: इंद्रजाल वाचताना चित्र आपल्याला पुढे ढकलत असतं. ठोसा, पडला, पळाला. चित्राचं काम वेग देणं. इथे चित्र थांबवतं. डोळ्याला जुनी सवय असते, तो अक्षरावरून अक्षरावर उड्या मारतो आणि चित्राला ‘सजावट’ समजून बाजूला टाकतो.

स्कॉट मॅक्लाउड नावाच्या चित्रकाराने १९९३ साली कॉमिक्स कसं चालतं हे कॉमिक्समध्येच समजावणारं पुस्तक केलं. त्यातलं एक उदाहरण मी प्रत्येक कार्यशाळेत वापरतो. एका चौकटीत माणूस दुसऱ्यावर कुऱ्हाड उगारतो. पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि किंकाळी. वार कुठेच काढलेला नाही. मग वार केला कुणी? वाचकाने. कुठे लागली, किती खोल गेली, सगळं त्यानेच ठरवलं. दोन चौकटींमधल्या त्या कोऱ्या पट्टीला इंग्रजीत ‘गटर’ म्हणतात. (आपल्याकडे हा शब्द सांगितला की पोरं थेट नाग नदीवर जातात. मी ‘फट’ म्हणतो.) सिनेमात दोन दृश्यांमधला काळ दिग्दर्शकाच्या हातात. इथे फट तुमच्या हातात, हवा तेवढा वेळ थांबा, मागच्या चौकटीकडे परत जा, एकाच वेळी दोन्ही बघा.

आता गंमत अशी की भीमायनमध्ये ही फटच नाही! व्याम दांपत्याने माणसांना चौकटीत कोंबायला साफ नकार दिला. आमची कला खुली आहे, असं त्यांचं म्हणणं. घराच्या भिंतीवर, अंगणात काढायची जी डिगना नावाची नक्षी असते, तिच्या वळणदार पट्ट्यांनी पानाचे भाग पाडले आहेत. तेव्हा मॅक्लाउडची फूटपट्टी इथे अर्धीच चालते. तुमच्या पुतणीला प्रबंधाचा विषय इथेच मिळतो, कुणी काही म्हणो.

---

आडवा_प्रश्न | रविवार, दुपारी १.३०

विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

भीमायनचा आधार म्हणजे बाबासाहेबांची ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही टिपणं. ती ज्यांनी वाचली आहेत त्यांनी सांगावं, त्यात कशाची उणीव आहे? साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुलं, स्टेशनवर जात कळताच दूर सरलेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडं देऊन मिळालेली बैलगाडी, ती स्वतःच हाकायची, आणि सोबत खायला असूनही पाणी नाही म्हणून उपाशी काढलेली रात्र. बाबासाहेब एक विशेषण जास्त वापरत नाहीत. तो कोरडेपणाच भाजून काढतो. त्यावर रंगीबेरंगी मोर, मासे, झाडं कशाला? मला भीती वाटते की चित्र इतकं देखणं होतं की जखम दिसायची थांबते. दिवाणखान्यात लावण्याजोगी होते.

लहान मुलांसाठी ठीक. पण मोठ्यांनी, त्यातही अभ्यासकांनी, मूळ सोडून चित्रांच्या मागे का लागावं?

---

अर्धविराम | रविवार, दुपारी ३.१५

आडवा_प्रश्न, तुमचा प्रश्न खरंच आडवा नाही, सरळ आहे. मी पदवीला शिकवते, आणि वर्गात दर वर्षी कुणीतरी हाच विचारतं. भीमायनकडे वळण्याआधी मी एक दुसरं पान दाखवते.

आर्ट स्पीगेलमनचं ‘माउस’. वडील आउश्वित्झ या नाझी छळछावणीतून वाचलेले, मुलगा चित्रकार, तो त्यांच्या मुलाखती टेप करतो. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. पहिला खंड १९८६, दुसरा १९९१, आणि १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार. हे सगळं पुष्कळ ठिकाणी मिळेल. मला दाखवायची आहे ती दुसऱ्या खंडातली एक छोटी जागा.

मुलगा विचारतो, कामावर जाताना छावणीच्या दारात वाद्यवृंद वाजत असे ना? वडील म्हणतात, छे, कसला वाद्यवृंद, मला फक्त चालणं आठवतं. मुलगा म्हणतो, पण त्याची तर भरपूर नोंद आहे. वडील ठाम, दारात फक्त पहारेकऱ्यांचं ओरडणं ऐकू यायचं.

आता लेखकाने काय करावं? गद्यात लिहिलं असतं तर एक तळटीप. पण चित्रकाराला दार काढायचंच आहे, आणि दारात वाद्यवृंद एक तर असेल, नाही तर नसेल. स्पीगेलमन दोन चौकटी काढतो. पहिलीत वादक उभे, समोरून कैदी निघालेले. दुसरीत कैद्यांच्या रांगांनी सगळं झाकून टाकलंय. फक्त नीट पाहिलं तर रांगेमागून वाद्यांची टोकं डोकावतात.

वडील खोटं बोलत नाहीत, त्यांना चालणाऱ्यांच्या पाठीच आठवतात. नोंदही खोटी नाही. दोन्ही एकाच चौकटीत, आणि कुणी कुणाला खोडत नाही. मी ही चौकट मुलांना दाखवते तेव्हा सत्तर टक्के वर्गाला (हा माझा अंदाज, संशोधन नव्हे!) वाद्यांची टोकं पहिल्यांदा दिसतच नाहीत. काका, तुमची नांगी एकटी नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला साक्ष आणि कागद यांच्या भांडणात आयुष्य काढावं लागतं. ते भांडण इतक्या थोड्या रेषांत मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

---

कपाट_नंबर_सात | रविवार, संध्याकाळी ६.५०

ग्रंथालयात काम करते, तेव्हा माझं रडगाणं वेगळं. हे पुस्तक ठेवायचं कुठे?

पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूई पद्धतीत कॉमिक्सचा क्रमांक ७४१.५. म्हणजे चित्रकलेच्या कपाटात. मग होलोकॉस्टवर, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावर वाचणारा इतिहासाच्या कपाटापाशी उभा राहतो आणि माउस त्याच्या हाती लागत नाही. इतिहासात ठेवलं तर चित्रवाले शोधत बसतात. बरं, हा घोळ फक्त आमचा नाही. न्यूयॉर्क टाइम्सने खपाच्या यादीत माउसला कल्पित साहित्यात टाकलं होतं. स्पीगेलमनने पत्र लिहून हरकत घेतली, तेव्हा ते कल्पितेतर यादीत आलं. म्हणून मला ‘ग्राफिक नॉव्हेल’ या नावाचाच राग येतो. यातली निम्मी पुस्तकं नॉव्हेल नाहीतच! आत्मचरित्र आहे, बातमीदारी आहे. जो सॅको या पत्रकार-चित्रकाराने गाझात जाऊन, १९५६ साली तिथे काय घडलं ते म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून चित्रांत मांडलं. त्याला कादंबरी म्हणायचं? आपलं ‘चित्रकादंबरी’ही तसंच. मला साधं ‘चित्रग्रंथ’ बरं वाटतं, पण माझं ऐकतंय कोण.

आमच्याकडे भीमायन बरेच दिवस बालविभागात होतं. नोंद करणाऱ्याने मुखपृष्ठ पाहिलं आणि दिलं टाकून. मीच हलवलं.

---

संत्र्याची_फोड | रविवार, रात्री ८.०२

चित्रग्रंथ म्हटलं तं पोट्टे हात नाई लावणार ताई. ग्राफिक नॉव्हेलच राहू द्या.

---

केळापूरकर | रविवार, रात्री ९.४५

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, समाजाने परधान. नोकरीनिमित्त नागपुरात, मानेवाड्याकडे राहतो. इथे ‘गोंड चित्र’ म्हटलं की लोकांना मोर-हरणाच्या फ्रेमा आठवतात, म्हणून चार ओळी.

परधान मूळचे चित्रकार नाहीत. आम्ही सांगणारे. यजमान गोंडांच्या घरी जायचं, बाना (आमचं तंतुवाद्य) वाजवायचा, त्यांच्या कुळाच्या, देवांच्या, राजांच्या कथा गायच्या. माझ्या आज्याकडे बाना होता. मी पाहिला तेव्हा तारा तुटलेल्या होत्या, पण तो उन्हाळ्यात अंगणात बसून तोंडानेच तार लावायचा आणि सांगायचा. सांगताना सरळ जायचा नाही. राजा निघाला की वाटेतलं झाड लागायचं, मग झाडाची कथा, मग त्या झाडावरच्या पाखराची. आम्ही पोरं ओरडायचो, आज्या राजा कुठे गेला? तो म्हणायचा, राजा कुठे जाते, हाय तिथंच.

चित्रं नंतर आली. मध्य प्रदेशातल्या पाटनगडचे जनगढसिंह श्याम १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात गेले आणि गाण्यातले देव कागदावर उतरले. तिथून पुढे ही कला वाढली. म्हणजे चित्रांच्या मागे गाणं आहे.

आडवा_प्रश्न, तुम्ही विचारलं झाडं-मासे कशाला. मला ते पान पाहून आज्या आठवला. बाबासाहेबांची कथा यजमानाच्या अंगणात बाना वाजवून सांगितली असती तर अशीच सांगितली असती, वाटेतलं झाड न टाळता. ज्या मुलाला माणसं पाणी देत नाहीत त्याच्या भोवती मासे का आहेत, हा प्रश्न मला तरी पडला नाही. जखम झाकली जाते का? कुणासाठी जात असेल. मला नांगी पहिल्याच पानावर दिसली होती. बहुतेक सवयीने.

---

बर्डीकर_काका | रविवार, रात्री १०.१०

केळापूरकर साहेब, शेवटचं वाक्य वाचून जरा वेळ फोन खाली ठेवला.

---

अर्धविराम | सोमवार, सकाळी ७.३०

केळापूरकर, तुम्ही ओरिजित सेनचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ बघा. १९९४ चं, नर्मदा आंदोलनावरचं, आपल्याकडच्या अगदी सुरुवातीच्या ग्राफिक नॉव्हेल्सपैकी. त्यात मलगू गायन नावाचा आदिवासी गायक वाद्य वाजवत सृष्टीच्या उत्पत्तीची कथा सांगतो आणि दुसरीकडे एक पत्रकार धरणाची बातमी शोधत फिरतो. दोन कथा, दोन वेगळ्या हातांनी काढल्यासारखी रेषा. २०२२ मध्ये पुन्हा छापलं गेलं, त्यामुळे आता मिळतं.

आणि आपल्याकडे हे नवं नाहीच. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी सुट्या कागदांवरची रामायण-महाभारताची चित्रं एकामागून एक समोर धरून कथा गातात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती यासाठीच. एक चित्र खाली जातं, दुसरं वर येतं, मधल्या क्षणात फक्त आवाज. कोरा_कागद यांची ‘फट’ हीच ना?

---

कोरा_कागद | सोमवार, सकाळी ९.१२

हीच! चोरली मी ही तुलना. पुढच्या कार्यशाळेत वापरणार, नाव तुमचं घेईन.

---

आडवा_प्रश्न | सोमवार, दुपारी २.२०

रात्री मूळ टिपणं आणि भीमायन शेजारी शेजारी ठेवून बसलो. थोडं मागे येतो, सगळं नाही.

बाबासाहेबांच्या गद्यात पाणी नाकारणारा माणूस काय बोलला ते कळतं. तो बोलला तेव्हा हवेत काय पसरलं, ते वाचकाने स्वतःच्या अनुभवातून भरायचं असतं. ज्याच्याकडे तो अनुभवच नाही त्याच्या हाती फक्त वाक्य राहतं. बर्डीकर काकांचं तेच झालं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात माझंही. नांगीमुळे निदान हे कळतं की वाक्य साधं असूनही डसतं. कारण शब्द तर किती तरी ठिकाणी साधेच आहेत. एवढं मान्य.

मान्य नाही ते हे: पुस्तकाची सुरुवात आजच्या बस स्टॉपवर होते, नोकरी न मिळालेला तरुण आरक्षणावर चिडतो आणि एक मुलगी त्याला बाबासाहेबांची गोष्ट सांगते. हा भाग मला शिकवणीसारखा वाटतो. तिथे शब्दच सगळं करतात, चित्र हातावर हात ठेवून बसतं. ग्राफिक नॉव्हेल म्हटलं म्हणून सगळंच ग्राफिक होत नाही.

अभ्यासकांबद्दलचा माझा आक्षेप तर जास्तच पक्का झाला. या पुस्तकांवरचे काही लेख चाळले. दहा पानं वाचा, जात, स्मृती, प्रतिकार, सगळं आहे, फक्त एका रेषेचा उल्लेख नाही. अवतरणं सगळी फुग्यातली. म्हणजे काकांनी पोहे खात केलं तेच, फक्त तळटिपा लावून.

---

संत्र्याची_फोड | सोमवार, दुपारी २.३१

"फक्त तळटिपा लावून" 😂😂 लय डेंजर बोलता बा तुम्ही.

---

अर्धविराम | सोमवार, दुपारी ४.००

लागलं, पण खरं आहे. मीही केलंय.

अपवाद आहेत म्हणा. अमर चित्र कथेवरचं नंदिनी चंद्र यांचं पुस्तक वाचा, नायकाचा बांधा, रंग, कोण उजळ कोण काळा, कोण कुठे उभा, यातून राष्ट्राची कल्पना कशी घडवली हे त्या चित्रांतूनच काढतात. इंद्रजालचंही तसंच. काका, तुमचा वेताळ ज्या ‘देंकाली’त राहायचा तो देश मूळ अमेरिकन कॉमिक्समध्ये ‘बेंगाली’ होता. इथल्या वाचकाला खटकेल म्हणून नाव फिरवलं. गोरा नायक, जंगलातली माणसं त्याला देव मानणारी, आणि आपण महालात बसून कुणाच्या बाजूने वाचत होतो? मला हा प्रश्न मोठी झाल्यावर पडला.

---

मेडिकल_चौक | सोमवार, रात्री ११.५५

ड्यूटीवरून घाईत लिहितेय. आमच्या क्षेत्रात ‘ग्राफिक मेडिसिन’ म्हणून शाखाच आहे, इयन विल्यम्स या डॉक्टर-चित्रकाराने दिलेलं नाव. डेव्हिड बी. या फ्रेंच चित्रकाराने भावाच्या अपस्माराचा आजार सापासारखा, राक्षसासारखा काढलाय, घरात सगळ्यांच्या अंगाला विळखे घालणारा. केस पेपरवर आम्ही लिहितो "फिट्स, इतक्या वर्षांपासून". घरच्यांचं काय झालं ते लिहायला तिथे रकाना नाही. बाकी चालू द्या.

---

कोरा_कागद | मंगळवार, सकाळी १०.०५

मराठीत अशी पुस्तकं का होत नाहीत, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच एक तांत्रिक रड. भाषांतर करायला घेतलं तर इंग्रजीच्या फुग्यात मराठी मावत नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, खाली उकार. दोन ओळींत जागा सोडावीच लागते. इंग्रजीच्या पाच ओळींच्या जागेत आपल्या कशाबशा साडेतीन. साध्या कॉमिक्समध्ये फुगा मोठा करता येतो. पण फुगाच पाखरू असेल तर? पाखरू फुगवलं की कोंबडी होते.

---

बर्डीकर_काका | बुधवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. हा अख्खा धागा पुतणीला वाचून दाखवला. "तळटिपा लावून" या वाक्यावर ती इतकी हसली की विचारू नका. मग गंभीर झाली. म्हणाली, काका, माझ्या कच्च्या खर्ड्यात तेच केलंय मी.

तिची अडचण खरी आहे. माउसवर लिहिणारा ‘पान अमुक, चौकट तिसरी’ असा संदर्भ देऊ शकतो. भीमायनमध्ये चौकटच नाही, मग बोट कुठे ठेवायचं? तेव्हा आम्ही एक उद्योग केला. ‘पाणी’ या भागातलं एक जोडपान घेतलं, वर ट्रेसिंग पेपर ठेवला, पेन्सिलीने डोळा जसा फिरेल तशी रेघ ओढायची. थांबलो तिथे टिंब. आधी तिने केलं, मग तिचा कागद न बघता मी.

दोन्ही कागद दिव्यासमोर एकावर एक धरले. रेघा जुळल्याच नाहीत. ती मुलापासून निघून, नक्षीच्या कडेकडेने, सगळ्यात शेवटी नांगीपाशी पोचली होती. मी थेट नांगीवर. माझं पहिलं टिंब तिथेच, आणि सगळ्यात जाड. एकदा चुकलेली सही कारकून विसरत नाही, तसलं असावं.

ती आता म्हणते, प्रबंधात हेच कागद लावीन, पण दोघांचे पुरणार नाहीत, आणखी आठ-दहा वाचक हवेत. केळापूरकर साहेब, तुमची रेघ तिला हवीच आहे, तिने खास सांगायला सांगितलंय. आडवा_प्रश्न, तुमचीही. रविवारी सकाळी घरी या. पत्ता निरोपात पाठवतो.

---

केळापूरकर | बुधवार, रात्री ९.५२

येतो. पण मी आज्यासारखा फिरत फिरत जाईन, तुमचा कागद पुरला पाहिजे.

---

आडवा_प्रश्न | बुधवार, रात्री १०.०४

येईन. बस स्टॉपच्या पानावर रेघ ओढायला सांगणार नसाल तर.

---

संत्र्याची_फोड | बुधवार, रात्री १०.०६

पोहे आहेत का?

---

बर्डीकर_काका | बुधवार, रात्री १०.१५

आहेत. पण या वेळी पुस्तक आधी. मग हात धुऊन तर्री.